नाट्यगृहाचे मालक कोण?



व्याख्यानमालेच्या चालकांचे निमंत्रण आले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी, की कामगार चळवळीतला माणूस येणार म्हणजे तो मजुरीचे दर, बोनस आणि नवे कामगार कायदे यांवर बोलणार. ते आमचे रोजचे बोलणे आहेच. परंतु आज ते आम्ही बाजूस ठेवले आहे, आणि आपल्या कोल्हापुरातल्या नाट्यगृहाविषयी बोलावयाचे ठरविले आहे. विषय कळविला तेव्हा चालकांपैकी एकाने हसून विचारले, "नाट्यगृहाचा आणि युनियनचा काय संबंध?" तो संबंध काय आहे, एवढेच आजच्या तासाभरात सांगावयाचे आहे.

आमच्या अधिकाराविषयी एक शब्द. आमची शाळा सातवीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते यंत्रापुढे, संघटनेत, आणि करवीर नगर वाचन मंदिराच्या बाकांवर. १८५० साली निघालेले हे ग्रंथालय आमच्यासारख्या कित्येकांचे कॉलेज आहे. दुसरे कॉलेज अशा व्याख्यानमालांचे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला चालू केली, तिचे लोण गावोगाव पोचले, आणि सतरंजीवर बसून ऐकणाऱ्या माणसालाही चार शहाणपणाच्या गोष्टी फुकट मिळू लागल्या. आम्ही त्या सतरंजीवरचे. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. संघटनेत तीस वर्षे काढली की 'मी' म्हणावयाची सवय मोडते. तेव्हा आम्ही 'आम्ही' म्हणालो तर तो मोठेपणा समजू नये.

आता विषयाकडे वळू. शाहू छत्रपती १८९४ साली गादीवर आले तेव्हा कोल्हापूर हे सुमारे पन्नास हजार वस्तीचे गाव होते. आजच्या मानाने एखादा तालुक्याचा गाव म्हणावा एवढेच. या गावात पुढील पंचवीस वर्षांत काय काय घडले याची यादी केली तर माणूस थक्क होतो. १९०२ साली राज्याच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९०६ साली कापडाची शाहू मिल निघाली. राधानगरीच्या धरणाचे काम सुरू झाले. १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान तयार झाले. १९१३ साली नाट्यगृहाचे काम निघाले आणि १९१५ साली ते पुरे झाले. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले.

इतिहासाच्या पुस्तकांत या गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. नोकऱ्या सामाजिक सुधारणेत, मिल उद्योगात, धरण शेतीत आणि नाट्यगृह 'कलांना राजाश्रय' या प्रकरणात. आमचे म्हणणे असे आहे की त्या एकाच प्रकरणात वाचाव्यात. पोरगा शाळेत गेला पाहिजे, त्याला नोकरी मिळाली पाहिजे, बापाच्या शेताला पाणी मिळाले पाहिजे, गावात चार पैशांचा धंदा आला पाहिजे. आणि हे सर्व झाल्यावर संध्याकाळी त्या माणसाला अंग घुसळायला आखाडा आणि मन घुसळायला रंगभूमी पाहिजे. ज्याने धरण बांधले त्यानेच रंगमंच बांधला, यात विसंगती काही नाही. पाणी जमिनीला लागते तसेच माणसालाही लागते.

जागा कोणती निवडली तेही पाहण्यासारखे आहे. १९०२ साली महाराज विलायतेच्या प्रवासास गेले, तेव्हा रोममधले प्राचीन गोल क्रीडागार त्यांनी पाहिले आणि त्यावरून खासबागेची कल्पना त्यांना सुचली, असे सांगतात. मैदान पाहिलेल्यांना त्यातली खुबी ठाऊक आहे. मध्ये हौदा खाली, आणि भोवताली चढत गेलेली मातीची उतरण. शेवटच्या माणसालाही पुढच्याच्या डोक्यावरून कुस्ती दिसते. खुर्ची नाही, मानाची जागा थोडी. मातीवर बसावयाचे आणि सर्वांनी सारखे पाहावयाचे. नावावरून ती राजाची खास बाग. वापराने ती आमबाग झाली! आणि याच मैदानाच्या पाठीला पाठ लावून महाराजांनी नाट्यगृह बांधविले. नाव ठेवले पॅलेस थिएटर, पण ते राजवाड्याच्या आवारात नेले नाही. मिरजकर तिकटीच्या अंगाला, भर वस्तीत, आखाड्याच्या शेजारी ठेवले.

मराठी भाषेत एक मौज आहे. पैलवान जेथे मेहनत करतो त्या जागेला आपण तालीम म्हणतो, आणि नट प्रयोगाआधी जी मेहनत करतो तिलाही तालीमच म्हणतो. मोतीबाग तालमीतला गडी पहाटे उठून जोर-बैठका काढतो, आणि नाटकातला गडी रात्री जागून तेच ते वाक्य शंभरदा म्हणतो. दोघांनाही उस्ताद लागतो, दोघांनाही रोज यावे लागते, आणि एक महिना अंग चोरले तर दोघेही लोकांसमोर उघडे पडतात. कोल्हापुराने हे दोन्ही प्रकार एका छपरामागे एक ठेवले. कुस्तीचा आरडाओरडा आणि संगीत नाटकातले पद हे येथल्या माणसाला परस्परविरोधी वाटत नाहीत ते यामुळेच. एकाच घरातला एक भाऊ हौद्यात आणि दुसरा तबल्यावर, अशी घरे आम्ही पाहिली आहेत.

नाटक म्हटले की लोकांना नट आठवतो. आमची नजर मात्र सवयीने पडद्यामागे जाते. त्या काळची नाटक मंडळी म्हणजे एक फिरता कारखानाच होता. नट, गवई, साथीदार, पडदे रंगविणारे, सुतार, शिंपी, रंगपटातले, दिवाबत्तीवाले, आचारी, पाणके असे सारे बिऱ्हाड एका गावाहून दुसऱ्या गावी जाई. मुक्काम पडला की सामान उतरवून पडदे टांगावयाचे, आणि मुक्काम उठला की गुंडाळून पुन्हा गाडीत भरावयाचे. जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा: प्रेक्षक टाळ्या देत नटाला, पण कित्येकदा पहिली टाळी पडदा वर जाताच पडे, आणि ती रंगाऱ्याची असे.

हे रंगारी कोल्हापूरचे. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री या नात्यातल्या दोन कारागिरांनी नाटक मंडळ्यांसाठी रंगविलेल्या पडद्यांची महाराष्ट्रभर वाहवा झाली, आणि लोकांनी त्यांचे आडनावच बदलून 'पेंटर' केले. मेस्त्री हे आडनाव ऐकताच आमच्यासारख्याला आपलेपणा वाटतो, कारण ते हत्याराचे आडनाव आहे. घरात सुतारकी, कोरीव काम, हस्तिदंताचे काम. पाश्चात्त्य पद्धतीचे चित्रकलेचे शिक्षण त्यांना कोणा कॉलेजात मिळाले नाही. या दोघांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार करावयाचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून ते काम पुरे केले. कोल्हापुरात लेथवर घडविलेला कॅमेरा! पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, आणि तिला भांडवल कोणी दिले? सावकाराने नाही. तानीबाई कागलकर या गायिकेने दिले. १९२० साली कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट लोकांपुढे आला.

याच बाबूरावांनी १९२५ साली 'सावकारी पाश' केला. कर्जात जमीन गमावलेला शेतकरी गाव सोडतो आणि शहरात मिलमजूर होतो, अशी ती कथा. ही कथा आमच्या निम्म्या सभासदांच्या आजोबांची आहे. देवादिकांच्या चित्रपटांच्या त्या काळात हा विषय घ्यावा असे कोणाला वाटले? ज्याच्या हाताला घट्टे होते त्याला. त्या चित्रपटात तरुण शेतकऱ्याचे काम शांतारामांनी केले. शांताराम मुलगेपणी गंधर्व नाटक मंडळीत होते, पुढे हुबळीस रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते, आणि मग बाबूरावांकडे आले. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांसह कोल्हापुरातच प्रभात कंपनी काढली. १९३३ साली ती पुण्यास गेली. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'ची १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात वाखाणणी झाली हे सर्वांना ठाऊक आहे. त्या चित्रपटाची मुळे शोधीत गेलो तर आपण शेवटी एका पडद्याच्या कापडापाशी आणि रंगाच्या डब्यापाशी येऊन पोचतो. नाट्यगृहाने गावाला करमणूक दिली, हा त्याचा अर्धाच हिशेब झाला. उरलेला अर्धा असा, की त्याने गावाला कारागीर दिले, आणि त्या कारागिरांनी देशाला एक नवा धंदा दिला.

आता ज्यांचे नाव या वास्तूला आहे त्यांच्याविषयी. केशवराव भोसले यांचा जन्म कोल्हापुरातला, ९ ऑगस्ट १८९० चा. घरची गरिबी इतकी, की अगदी लहान वयात ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. आजच्या कायद्याने त्याला बालमजुरी म्हटले असते. शाळेची पाटी हाती येण्याच्या वयात तोंडाला रंग लागला. देवलांच्या 'शारदा' नाटकात शारदेचे काम करून या मुलाने लोकांना वेड लावले. पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख, आणि ते गाणारा स्वतः पोटासाठी घर सोडून आलेला मुलगा. ते गाणे लोकांच्या काळजाला का भिडले असेल हे आम्हांला वेगळे सांगावे लागत नाही.

१९०८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, केशवरावांनी हुबळीस स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. काल पगारावर असलेला पोरगा आज मालक झाला. मामा वरेरकरांची 'हाच मुलाचा बाप' आणि 'संन्याशाचा संसार' ही नव्या विचारांची नाटके या मंडळीने रंगभूमीवर आणली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव यांनी मिळून 'मानापमान'चा प्रयोग केला. एक भामिनी, दुसरा धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक देशकार्यासाठी एका रंगमंचावर उभे राहिले. चळवळीत एकजुटीवर आम्ही पुष्कळ भाषणे दिली आहेत. हा दाखला त्यांत नेहमी घालतो. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. वय अवघे एकतीस. पुढच्या वर्षी ६ मे रोजी शाहू महाराजही गेले.

१९४९ साली संस्थान विलीन झाले. राजाचे नाट्यगृह आता नागरिकांचे झाले. १९५७ साली त्याचे 'पॅलेस थिएटर' हे नाव जाऊन 'केशवराव भोसले नाट्यगृह' हे नाव आले. या नामकरणाचे महत्त्व आपण पुरेसे ओळखले आहे असे आम्हांला वाटत नाही. राजाने बांधलेल्या वास्तूला राजवाड्याचे नाव होते, ते पुसून एका गरिबाच्या पोराचे, शाळा न शिकलेल्या गवयाचे नाव दिले. आणि हे करताना राजाचा अपमान झाला असे कोणास वाटले नाही, कारण ज्या राजाविषयी आपण बोलतो आहोत त्याला ते आवडलेच असते.

येथून नाट्यगृहाचे दुसरे आयुष्य सुरू होते. मोठ्या मंडळ्यांचा काळ ओसरला होता. त्यांची जागा मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक संस्थांनी घेतली खरी, पण वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस काही त्यांचे नव्हते. ते दिवस भरून काढले गावातल्या हौशी माणसांनी. राज्य नाट्य स्पर्धेच्या फेऱ्या, कामगारांच्या नाट्य स्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलने, शाहिरांचे कार्यक्रम, भजनी मंडळे, गाण्याचे जलसे, सत्कार आणि शोकसभाही. उद्यमनगरातला फिटर, बँकेतला कारकून, शाळामास्तर, एस. टी.चा कंडक्टर, म्युनिसिपालिटीतला मुकादम, अशी माणसे कामावरून सुटून हातपाय धुऊन तालमीला जात. आम्ही ज्या फाउंड्रीत काम केले तेथला एक मोल्डर नाटकात हमखास न्यायाधीशाचे काम करी. दिवसभर साच्यातली वाळू थापणारा हा माणूस काळा झगा घालून उभा राहिला की त्याचा मालकही पहिल्या रांगेत सावरून बसे.

एक आठवण सांगावीशी वाटते. पडदा ओढण्याचे काम कित्येक वर्षे केलेल्या एका वृद्ध गृहस्थांना आम्ही एकदा विचारले, "मामा, एवढी नाटके झाली तुमच्यासमोर, एखादे समोर बसून पाहिले की नाही?" ते म्हणाले, "समोरून कशाला बघायचं? मला सगळी नाटकं पाठीकडनंच पाठ हायती." आम्ही हसलो, पण नंतर विचार करीत बसलो. पडदा क्षणभर आधी पडला तर शेवट फसतो, क्षणभर उशिरा पडला तर मेलेला नट उठून बसलेला दिसतो. नटाच्या श्वासाबरोबर ज्याचा हात चालतो तो माणूस कलावंत नाही तर कोण? पण कार्यक्रमपत्रिकेत त्याचे नाव शेवटी, आणि तेही जागा उरली तर.

आता आम्ही सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. नाट्यगृहाचा आणि युनियनचा संबंध काय? संबंध असा, की ही सारी हौशी रंगभूमी आठ तासांच्या पाळीवर उभी होती. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराच्या आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. ती मर्यादा आकाशातून पडली नाही. त्यामागे आमच्या आजा-पणजांच्या पिढ्यांचे संप आणि तुरुंग आहेत. त्या मर्यादेने मजुराला काय दिले? संध्याकाळ दिली. संध्याकाळ मिळाली म्हणून तालीम झाली, तालीम झाली म्हणून नाटक उभे राहिले, आणि नाटक उभे राहिले म्हणून नाट्यगृहाचे दार उघडे राहिले. ज्या दिवशी मजुराची संध्याकाळ गेली त्या दिवसापासून नाट्यगृहाला घरघर लागली असे समजावे.

आणि ती संध्याकाळ गेली आहे. शाहू मिल २००३ साली बंद पडली. तिच्या भोंग्यावर अर्धे शहर घड्याळ लावीत असे. कायम कामगार घटले, कंत्राटी वाढले. कागदावर आठ तास, प्रत्यक्षात बारा. मोटरसायकलवर जेवणाचे डबे पोचविणाऱ्या पोराला तर पाळीच नाही, म्हणजे सुटीही नाही. असा पोरगा तालमीला केव्हा येणार? मग म्हणतात, आजच्या तरुणांना नाटकाची आवड राहिली नाही, सगळे मोबाईलमध्ये डोके घालून बसतात. आवड कोठे जात नाही, मंडळी. वेळ गेला की आवड मुकी होते. ज्याला दिवसात तुटक तुटक पाच-पाच मिनिटेच मिळतात तो पाच मिनिटांची करमणूक पाहणार. तीन अंकांचे नाटक त्याने कोणत्या तीन तासांत पाहावे?

ही सारी पडझड चालू असतानाच ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आली. त्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती आणि कलावंतांनी तिची तयारी केली होती. छप्पर गेले, रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या. दगडी भिंती काळवंडून उभ्या राहिल्या. आम्हीही त्या गर्दीत होतो. अग्निशमन दलाचे जवान धुरात शिरत होते, आणि अलीकडे रस्त्यावर माणसे रडत होती. कोण रडत होते ते आम्ही नीट पाहिले. नट होते, गायक होते. पण त्यांच्याइतकेच रंगभूषा करणारे, दिव्यांवर बसणारे, ध्वनियंत्रणा सांभाळणारे, आणि ज्यांनी आयुष्यात एकदाच स्नेहसंमेलनात तेथे पाऊल ठेवले होते अशा बायाही होत्या. घर जळताना ज्याला रडू येते तो त्या घराचा असतो. मालकी ठरविण्यास याहून दुसरा कागद लागत नाही.

शासनाने आणि महापालिकेने पुनर्बांधणीचे काम हाती घेतले हे योग्यच झाले. परंतु दगड-चुन्याने सर्व काही परत येते असे समजू नये, आणि याला याच गावातला दाखला आहे. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली तीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. भालजी खचले नाहीत. त्यांनी तो पुन्हा उभा केला, आणि पुढे कितीतरी चित्रपट तेथे झाले. म्हणजे आगीला तो स्टुडिओ पुरून उरला. मग त्याला हरविले कोणी? काम थांबण्याने. चित्रीकरण बंद पडले, आवार ओस झाले, आणि २०२२ साली ती जागा वाचविण्यासाठी कलावंतांना साखळी उपोषणास बसावे लागले. वास्तू आगीतून वाचते. रिकामपणातून वाचत नाही.

म्हणून नाट्यगृहाच्या बाबतीत नागरिकांनी चार गोष्टींचा आग्रह धरावा असे आम्हांला वाटते.

पहिली गोष्ट भाड्याची. बाहेरगावच्या मोठ्या संस्थेला एक दर असेल तर गावातल्या हौशी, शालेय आणि कामगार संस्थांना त्याहून पुष्कळ खालचा दर असावा, आणि वर्षातील काही तारखा त्यांच्यासाठी आधीच राखून ठेवाव्यात. नोकऱ्यांत जागा राखून ठेवणाऱ्या राजाच्या गावाला तारखा राखून ठेवणे जड जाऊ नये. काहीजण म्हणतील, याने पालिकेला तोटा येईल. रस्त्यावरच्या दिव्यांचा तोटा कोणी मोजतो काय? बागेतल्या बाकाचे भाडे कोणी मागतो काय? ज्या खर्चाने शंभर पोरे रंगमंचावर उभी राहावयास शिकतात तो खर्च वहीत तोट्याच्या रकान्यात मांडणे हाच मुळी चुकीचा हिशेब आहे.

दुसरी गोष्ट राखणीची. जुन्या वास्तूला डोळ्यांत तेल घालून जपणारा माणूस लागतो. वायरमन, सुतार, पहारेकरी, दिवेवाला हे लोक कायम पगारावर असावेत, कारण वर्षाला बदलणारा कंत्राटी माणूस कितीही चांगला असला तरी त्या वास्तूची नाडी त्याला कळेपर्यंत त्याचे कंत्राट संपते. कोणती तार तापते, कोणती फळी वाजते, पाऊस कोठून शिरतो, ही विद्या पुस्तकात नसते. ती एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते. पगार वाचविण्यासाठी ती साखळी तोडणे म्हणजे घोड्याची नाल वाचवून घोडा घालविणे होय.

तिसरी गोष्ट तालमीच्या जागेची. प्रयोगाची एक रात्र सर्वांना दिसते. तिच्याआधीच्या चाळीस रात्री कोणाला दिसत नाहीत. त्या चाळीस रात्री मुले कोठे काढतात? कोणाच्या माडीवर, कोणाच्या बंद शाळेत, पावसाळ्यात एखाद्या देवळाच्या ओवरीत. पैलवानांना गावोगाव तालमी आहेत. नाटकवाल्यांनाही नाट्यगृहाच्या आवारात एक साधी खोली असावी, जेथे नाममात्र पैशांत दिवा आणि पंखा मिळेल. शेजारच्या आखाड्याकडून एवढे तरी आपण शिकावे.

चौथी गोष्ट खर्चाची नाही. नव्या वास्तूत दगडावर उद्घाटन करणाऱ्यांची नावे येतील, ती यावीत. त्याच्याशेजारी आणखी एक दगड असावा. गवंडी, सुतार, रंगारी, वायरमन, ज्यांनी ज्यांनी हे काम केले त्यांची नावे त्यावर असावीत. १९१५ साली हे नाट्यगृह ज्यांनी बांधले त्या कारागिरांपैकी एकाचेही नाव आपल्या तोंडी नाही. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री यांच्यासारखे किती मेस्त्री त्या भिंतींत निनावी राहिले असतील! पुढच्या शतकातल्या श्रोत्यांवर तरी ही पाळी येऊ नये.

या चारही गोष्टी पालिकेच्या हातातल्या आहेत. पाचवी मात्र तुमच्या-आमच्या हातातली आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही हा विषय घेतला. येथे बसलेल्यांत कारखानदार असतील, दुकानदार असतील, घरी चार माणसे कामाला ठेवणारे असतील. आपल्याकडे काम करणाऱ्याला त्याची संध्याकाळ द्या. बारा तास राबवून घेऊन वर नाट्यगृहासाठी देणगी देणारा माणूस एका हाताने दिवा लावतो आणि दुसऱ्या हाताने तेल काढून घेतो. आणि येथे जे कामगार बंधुभगिनी बसले आहेत त्यांना सांगणे असे, की आठ तासांची मागणी ही केवळ पोटाची मागणी समजू नका. तिच्यात तुमचे गाणे आहे, तुमचे नाटक आहे, तुमच्या मुलाला गोष्ट सांगावयाची सवड आहे. मागणीपत्रक लिहिताना हे कलम आम्ही शब्दांत घालू शकत नाही. पण मनात ते पहिले असते.

नाट्यगृहाचे मालक कोण, याचे उत्तर सातबाऱ्यावर एक आहे आणि इतिहासात दुसरे आहे. राजाने ते बांधले, पालिकेने ते चालविले. ते जिवंत ठेवले पडदा ओढणाऱ्याने, रंग लावणाऱ्याने, कामावरून सुटून आलेल्या नटाने, आणि मजुरीतले पैसे वेगळे काढून मागच्या रांगेचे तिकीट घेणाऱ्या प्रेक्षकाने. त्यांनी यावयाचे थांबविले तर कितीही मोठ्या रकमेचे नाट्यगृह ही एक सुंदर गोदाम ठरेल. ते येत राहिले तर आणखी शंभर वर्षे तेथे तिसरी घंटा होत राहील.